मुलांचे ईस्टर आणि मोठ्यांचे हात



ईस्टर जवळ आला की रविवारच्या मिस्सेनंतर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "फादर, मुलाला थोडी मदत केली तर चालेल ना?" हा प्रश्न असतो धर्मशिक्षणाच्या वर्गातून घरी दिलेल्या कामाचा. रिकाम्या कबरीचे चित्र रंगवायचे असते, कागदाचा क्रूस किंवा भेटकार्ड करायचे असते. विचारणाऱ्या आईच्या हातात बाजाराची पिशवी असते, बाबांचे लक्ष घड्याळाकडे असते आणि दोघांनाही उत्तर "हो" असेच हवे असते. मी "हो" म्हणतोही. पण त्या प्रश्नातला "थोडी" हा शब्द मला घरापर्यंत सोबत करतो. थोडी म्हणजे किती?

वरवर पाहता हा कात्री आणि फेव्हिकॉलचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या तळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याचे काम आपण त्याच्याहून चांगले करू शकत असलो, तर ते आपण करावे की त्याला करू द्यावे? पुनरुत्थानाच्या सणाआधी यावर आपण सर्वांनी मिळून विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

ईस्टरच्या दिवशी मुलांची कामे सभागृहात मांडली जातात तेव्हा काय दिसते ते आपण सारे जाणतो. पाच वर्षांच्या मुलाचे नाव असलेल्या कार्डावरचे वर्तुळ कंपासने आखून ब्लेडने कापलेले असते. कबरीच्या दगडाला छायाप्रकाश दिलेला असतो. देवदूताच्या पंखांना सोनेरी टिकल्या ओळीने लावलेल्या असतात. त्याच्या शेजारी दुसरे कार्ड असते. त्यावरचा सूर्य क्रुसापेक्षा मोठा असतो, गोंदाचे डाग पडलेले असतात आणि "हालेलुया" मधला "ल" उलटा असतो. पाहणारे पहिल्यापुढे थांबून वाहवा करतात आणि दुसऱ्याकडे पाहून हसतात. दोन्ही मुले बाजूला उभी राहून हे पाहत असतात. आता तर मोबाईलला चार शब्द सांगितले की तो क्षणात चित्र काढून देतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दहा रुपयांत रंगीत छापून मिळते. तेव्हा हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्तच निकडीचा झाला आहे.

पालकांची बाजू मी समजू शकतो. ते तीन गोष्टी सांगतात. पहिली अशी की, देवाच्या घरी न्यायचे ते चांगलेच असावे. आबेलने आपल्या कळपातले उत्तम ते अर्पण केले, मग आपण वेडेवाकडे कसे न्यावे? दुसरी, इतरांची कामे सुबक असली की आपले मूल हिरमुसते. तिसरी आणि सर्वांत खरी गोष्ट म्हणजे वेळ नसतो. सकाळच्या लोकलने गेलेली आई रात्री आठला घरी येते, स्वयंपाक बाकी असतो आणि मुलाला एक वर्तुळ कापायला वीस मिनिटे लागतात. आपण कापले तर दोन मिनिटांत होते. यांतले एकही कारण वाईट हेतूचे नाही. तिन्ही प्रेमातूनच येतात. म्हणून तर विचार करायला हवा, कारण प्रेमातून होणारे नुकसान लवकर लक्षात येत नाही.

आपल्या गोरेगावातच, आरे मार्गावर, संत पायस सेमिनरी आहे. भावी धर्मगुरूंना ईशज्ञानाआधी तत्त्वज्ञान शिकावे लागते आणि तेथे अॅरिस्टॉटलची एक साधी विभागणी भेटते. माणसाची कृती दोन प्रकारची असते असे तो सांगतो. एक घडवण्याची, दुसरी आचरणाची. कुंभार माठ घडवतो तेव्हा सारे महत्त्व माठाला असते. माठ तयार झाला की कुंभाराचे काम संपले. परंतु आपण एखाद्याला क्षमा करतो, आजाऱ्याजवळ बसतो, प्रार्थना करतो, तेव्हा शेवटी हातात काही वस्तू उरत नाही. ते करणे हेच त्याचे फळ असते.

मग मुलाचे रंगकाम यांपैकी कोणते? दिसायला ते पहिल्या प्रकारचे वाटते, कारण शेवटी कार्ड तयार होते. पण त्या कार्डाची देवाला गरज नाही, देवळालाही नाही. चार दिवसांनी ते भिंतीवरून उतरते. राहते ते वेगळेच. मुलाने अर्धा तास एका जागी बसून "दगड कोणी सरकवला?" असे विचारलेले असते, कबरीच्या आत काय रंगवायचे म्हणून ते अडलेले असते आणि तेथे कोणीच नाही हे आपल्या हाताने अनुभवलेले असते. आपल्या घरांतून हे ज्ञान जुने आहे. शेजारची ताई पहाटे उठून दारात रांगोळी काढते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पुसून टाकते. वारली समाजात लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, तो त्या लग्नासाठी असतो. आणि आपला झावळीचा क्रूस? झावळ्यांच्या रविवारी हातात आलेले पाते दुमडून तो कसा करायचा हे आपल्याला आजीने शिकवले. वर्षभर तो घरच्या पवित्र चित्रामागे राहतो आणि पुढच्या राखेच्या बुधवारी त्याचीच राख आपल्या कपाळावर येते. इतक्या क्षणभंगुर वस्तूसाठी आजी आपल्या लहान बोटांना एवढा वेळ का देत असे? तिचे लक्ष बोटांकडे होते.

आता सुबक कार्डाकडे पुन्हा पाहू. मी कौतुकाने विचारतो, "हे तू केलेस?" मूल आधी आईकडे पाहते, मग "हो, फादर" म्हणते. प्रथम पापस्वीकाराच्या तयारीत आपण मुलांना सांगतो की खोटे बोलू नये. आणि येथे, देवळाच्या आवारात, पुनरुत्थानाच्या दिवशी, आपणच त्याला न सांगता एक खोटे बोलायला लावतो. त्या खोट्याहूनही मला दुसरी गोष्ट जास्त बोचते. त्या मुलाला एक निरोप पोहोचतो: तुझे स्वतःचे देवाला न्यायच्या लायकीचे नाही. हा निरोप कोणी शब्दांत देत नाही. कात्री हातातून काढून घेतली की तो मिळतो. मोठेपणी असे मूल प्रार्थनाही दुसऱ्यांच्या तयार शब्दांतच करते आणि स्वतःचे मन देवापुढे मांडायला लाजते, तेव्हा आपण म्हणतो, आजच्या पिढीची श्रद्धा कमी झाली.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. ज्याचे आईबाबा दोघेही रात्री उशिरा येतात, ज्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत कागद पसरायला जागा नाही, त्या मुलाचे काम त्याचेच असते. दुसऱ्याच्या कामात आईची कात्री, मामाची चित्रकला आणि दुकानातला चारशे रुपयांचा संच असतो. आपण दोघांना एकाच टेबलावर ठेवून क्रमांक देतो, तेव्हा नेमके कोणाला क्रमांक देतो?

येथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. देव सर्वशक्तिमान आहे, तर जगातील सारे काही तो स्वतःच का करत नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञांना शतकानुशतके पडला. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू व तत्त्वज्ञ मालब्रांश यांचे मत असे होते की, खरे कारण एकटा देवच आहे. आपण नुसते निमित्त. ऐकायला हे देवाचे मोठेपण वाटते. परंतु संत थॉमस यांनी तेराव्या शतकातच याच्या उलट सांगून ठेवले होते. देव आपल्या निर्मितीला कारण होण्याचा मान देतो, आणि हे तो दुबळा आहे म्हणून करत नाही. त्याचा चांगुलपणा एवढा भरून वाहतो की केवळ असणे देऊन तो थांबत नाही, करण्याची ताकदही देतो. ज्याला सगळे स्वतःच करावे लागते, त्याचे सामर्थ्य लहान. जो दुसऱ्याच्या हातून होऊ देतो आणि तरी सर्व सांभाळतो, त्याचे सामर्थ्य मोठे.

आपल्या मिस्साबलिदानात हे दर रविवारी दिसते. वेदीवर आपण गव्हाचे दाणे नेत नाही, भाकर नेतो. द्राक्षाचा घोस नेत नाही, द्राक्षारस नेतो. म्हणजे कोणीतरी दळलेले, मळलेले, भाजलेले. देवाने दिलेल्या दाण्यात माणसाचे श्रम मिसळल्यावरच ते अर्पण होते.

आणि पुनरुत्थित प्रभूने स्वतः काय केले? योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय या दिवसांत घरी अवश्य वाचा. शिष्यांनी रात्रभर जाळे टाकले आणि काहीच मिळाले नाही. पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू त्यांना हाक मारतो, तीही "मुलांनो" अशी. जाळे कोणत्या बाजूला टाकायचे ते तो सांगतो. पण टाकायचे त्यांनी आणि ओढायचेही त्यांनीच. ते किनाऱ्याला येतात तेव्हा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी ठेवलेली असते आणि भाकरही असते. न्याहारी तयार आहे. प्रभूला कशाचीही गरज नाही. तरीही तो म्हणतो, आता तुम्ही पकडलेल्या मासळीतून काही आणा. पेत्र जाऊन जाळे ओढून आणतो. मोजून १५३ मासे.

मला वाटते, पालकाचे प्रेम कसे असावे याचे यापेक्षा चांगले चित्र सापडणार नाही. विस्तव त्याने पेटवला. जागा त्याने दाखवली. भूक लागेल हे त्याने आधीच ओळखले. परंतु जाळे त्याने हातात घेतले नाही, आणि त्यांच्या मासळीला आपल्या मासळीशेजारी जागा दिली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडायचे का? कागद पुढे टाकून आपण टीव्ही पाहत बसायचे? मुळीच नाही. तेही प्रेम नव्हे. विस्तव पेटवणे हे मोठ्यांचे काम आहे आणि ते टाळता येत नाही. किती मदत करावी, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच दोन स्त्रियांनी आयुष्य वेचून शोधले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आजचा पालघर. मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती त्यांनी अभ्यासली होती, परंतु तिची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कोठून आणणार? त्यांनी खडे, बिया, पाने, शिंपले यांचीच साधने केली. मूल वर्गात येत नसेल तर त्या स्वतः पाड्यावर गेल्या आणि अंगणात वर्ग भरवला. साहित्य जमवणे, जागा करणे, एकदा दाखवणे आणि मग हात मागे घेणे, ही त्यांची मदत होती. माँटेसरीबाई, ज्या १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धाची वर्षे भारतातच राहिल्या, त्याही हेच सांगत. मूल जे स्वतः करू शकते ते आपण करून दिले, तर ती मदत त्याच्या वाढीच्या आड येते.

पालकांच्या तीन मुद्द्यांकडे पुन्हा वळू. देवाला उत्तम ते द्यावे, हे खरेच आहे. पण उत्तम कशाला म्हणायचे? मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी बरेच टाकले आणि विधवेने दोन नाणी टाकली. प्रभूने तिचे दान मोठे मानले, कारण ते तिचे सर्वस्व होते. पाच वर्षांच्या मुलाचे सर्वस्व म्हणजे त्याने स्वतः कापलेले वाकडे वर्तुळ. मूल हिरमुसते, हेही खरे, पण ते तुलनेमुळे हिरमुसते आणि तुलना आपण मोठे मांडतो. ती मांडायची थांबवता येते. राहिला वेळ. वेळ नसेल तर काम लहान करा. मोठ्या देखाव्याऐवजी तळहाताएवढा कागद द्या. पण तो त्याचा असू द्या.

थोडे व्यवहाराचेही सांगतो. घरी सहज करता येतील अशी ही तीन कामे आहेत.

पहिले काम पांढऱ्या रंगाचे. पुनरुत्थानकाळात आमची वस्त्रे पांढरी असतात आणि मुले विचारतात, पांढऱ्या कागदावर पांढरे कसे रंगवायचे? मुलाला मेणाचा पांढरा खडू द्या आणि जाड कागदावर दाबून क्रूस किंवा उगवता सूर्य काढायला सांगा. काहीच दिसणार नाही. मग पातळ जलरंग ब्रशने वरून फिरवू द्या. मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून पांढरा क्रूस आपोआप वर येतो. पुनरुत्थान घडताना कोणीही पाहिले नाही, चारही शुभवर्तमानांत त्या क्षणाचे वर्णन नाही, हे सांगायला याहून सोपा धडा नाही. मोठ्यांचे काम: पाण्याची वाटी भरणे आणि खाली वर्तमानपत्र अंथरणे.

दुसरे काम कबरीचे. कागदी थाळी अर्धी दुमडून उभी करायची, दार कापायचे आणि गोल पुठ्ठ्याचा दगड पिनेने असा अडकवायचा की तो बाजूला सरकेल. पिन टोचणे मोठ्यांनी करावे. दगड कापणे आणि रंगवणे मुलाने करावे. खरा दगड तरी कुठे कंपासने आखलेला असतो? आत एक पांढरा कागद घडी करून ठेवायला सांगा, कारण प्रभूच्या मस्तकाचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता, असे योहान आवर्जून नोंदवतो.

तिसरे काम अंड्याचे. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला ती आनंदाने खाल्ली जात. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत ती प्रभूच्या रक्ताची आठवण म्हणून लाल रंगवतात. आपल्याकडे मार्झिपॅनची अंडी आली. अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट मात्र जर्मन प्रदेशातली, १६८२ साली तेथील एका वैद्याने ती लिहून ठेवली. सशात पाप काही नाही. पण इंटरनेटवरून छापलेल्या पानावर ससा आणि आपल्याकडे न उगवणारी फुले असतात आणि आपले मूल ती पाहून-पाहून रंगवते. त्याला एक कोरे कागदी अंडे कापून द्या आणि म्हणा, "या दिवसांत आपल्या रस्त्यावर काय फुलले आहे ते काढ." आरेच्या बाजूला पांगारा आणि काटेसावर फुलतात, बाजारात पहिला आंबा येतो. प्रभू गोरेगावातही पुनरुत्थित झाला आहे.

आणि रंग रेषेबाहेर गेला तर? जाऊ द्या. पुनरुत्थित प्रभूने थॉमसला आपल्या हातांवरचे व्रण दाखवले. गौरवी शरीरावरही ते पुसलेले नव्हते आणि त्यांवरूनच शिष्याने त्याला ओळखले. मुलाच्या कागदावरची वाकडी कात्री आणि गोंदाचा डाग यांवरूनही आपण मुलाला ओळखतो. ते झाकायची घाई कशासाठी?

यंदाच्या मांडणीबाबत धर्मग्राम समितीशी बोलून असे ठरवले आहे. क्रमांक आणि बक्षिसे असणार नाहीत. आलेले प्रत्येक काम मांडले जाईल. काही पालकांना हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. बक्षिसाशिवाय मुले मनापासून करत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. एक वर्ष करून पाहू या. प्रत्येक कामाच्या मागे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे, कोणी काय केले: "पिन बाबांनी टोचली. बाकी मी." मदत लपवायची गरज नाही. मदत सांगितली की ती कृतज्ञता होते. आणि ज्यांच्या घरी जागा किंवा वेळ नाही, त्यांच्यासाठी झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी दुपारी ४ ते ६ सभागृह उघडे राहील. कागद, रंगखडू, बोथट टोकाच्या कात्र्या तेथे असतील. आजी-आजोबांनी अवश्य यावे. झावळीचा क्रूस दुमडायला शिकवणारे हात आता आपल्यात थोडे उरले आहेत.

सणाच्या सकाळी वेदीपुढे या, तेव्हा मुलाचा हात धरा. दुसऱ्या हातात त्याचे कार्ड त्यालाच धरू द्या.

पुनरुत्थित प्रभू आपल्या सर्वांच्या घरांना आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू